मी जॅकेट उलटं केलं नाही

आधीच सांगून ठेवते — असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कोणाला काही पटवायला मी हे लिहीत नाहीये. आमच्या घरातला प्रत्येक जण ही गोष्ट आपापल्या सोयीने सांगतो आणि दर वेळी त्यात मीच मूर्ख ठरते, म्हणून एकदाची माझी बाजू मांडतेय.

माझे वडील संगमनेरला शाळेत विज्ञान शिकवायचे. चौकात कोणी उतारा टाकला की त्यातलं लिंबू सरळ उचलून घरी आणायचे आणि आम्ही भावंडं त्याचं सरबत प्यायचो. कोणाला काहीही झालं नाही. मी अशा घरातली आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

जुलै २०२१. आम्ही डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो. कोविडमुळे त्या वर्षीचे पहिले कितीतरी महिने घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती, त्यामुळे बंधनं उठल्यावर आम्ही पार पश्चिमेला, मेयोमध्ये गेलो. कासलबारपासून पाऊण तासावर एक कॉटेज चार दिवसांसाठी घेतलं. रोज एक वॉक, बाकी आराम. मी, नवरा सचिन, नऊ वर्षांची लेक ईरा आणि सासूबाई. आई विदर्भातल्या, उमरेडजवळच्या खेड्यातल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष इथेच अडकल्या होत्या. चालायला मात्र आमच्यात सगळ्यात दणकट त्याच.

ईराला टाइप वन डायबिटीस आहे. दंडावर सेन्सर असतो, तो माझ्या फोनवर शुगर दाखवतो. आकडा इथल्या मापात चारच्या, म्हणजे भारतातल्या साधारण सत्तरच्या, खाली गेला की लगेच ज्यूस किंवा ग्लुकोजच्या गोळ्या द्यायच्या. त्या दिवशी हे सगळं सचिनच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होतं.

तिसऱ्या दिवशीचा ट्रेल चार किलोमीटरचा होता. लावलेलं जंगल, सगळी एकाच उंचीची स्प्रूसची झाडं, मधून खडीचा रस्ता. पार्किंगपासून निघून गोल फिरून पार्किंगलाच परत. जागोजागी खांबावर जांभळे बाण. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही असा रस्ता. दुपारी दोनला निघालो, सव्वातीनला एका लोखंडी फाटकापाशी आलो. ते निळ्या नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधलेलं होतं. नकाशाप्रमाणे तिथून पार्किंग जेमतेम अर्धा किलोमीटर.

वीस मिनिटं चाललो आणि पुन्हा त्याच फाटकाशी आलो. तीच दोरी, तीच गाठ.

सचिन हसला. मीही हसले. तिसऱ्यांदा फाटक आलं तेव्हा कोणी हसलं नाही. फोनला रेंज नव्हती. तिथे ईराला दोन बिस्किटं दिली, कारण आकडा साडेपाचवर होता आणि खाली येत होता.

आई दगडावर बसल्या. "थांबा बाप्पा. हा चकवा होय. चकवा लागला आपल्याले."

"आई, चकवा आयर्लंडमध्ये कुठून येणार?" मी म्हटलं.

"जंगल थेच, मानूस थेच. काहून नाई येनार?" असं म्हणत त्यांनी आपलं जाकीट काढलं, उलटं केलं, अस्तर बाहेर ठेवून पुन्हा घातलं. "आमच्या गावाकडे असंच करत. घाला सगळे उलटे कपडे. वाट दिसते मंग."

सचिनने लगेच घातलं. "अगं, आपलं काय जातंय?"

हे वाक्य मला आयुष्यात सगळ्यात जास्त चीड आणतं. आपलं काय जातंय म्हणत म्हणतच माणसं सगळं करतात. ईराही जॅकेट काढायला लागली होती. मी म्हटलं, "ईरा, चेन लाव. आपण बाण बघत जाणार आहोत."

ते दोघं पुढे निघाले. मी रागाने मुद्दाम दहा पावलं मागे, ईराचा हात धरून. आईंच्या जाकिटाचं पांढरं अस्तर मला समोर स्पष्ट दिसत होतं. रस्ता किंचित डावीकडे वळला, ते वळले, पाठोपाठ आम्ही वळलो... आणि समोर फाटक. ते दोघं कुठेही नाहीत.

मी हाका मारल्या. काही नाही. पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. पुन्हा फाटक. तेवढ्यात फोनचा अलार्म वाजला. ३.६, आकड्याशेजारचा बाण खाली. सॅक सचिनकडे. माझ्या खिशात एक टिश्यू आणि गाडीची किल्ली.

"ममा, आय'म ग्रँड," ईरा इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, म्हणजे मी ठीक आहे. पण ओठ पांढरे पडले होते आणि हात घामाने थंडगार. मला तेव्हा जी भीती वाटली तशी पूर्वी कधी वाटली नव्हती. भुताची नाही. माझ्या हट्टापायी माझी मुलगी ज्यूसपासून दूर राहिलीय, याची. ३.१.

मी तिथे गुडघ्यावर बसले, ईराच्या जॅकेटची चेन उघडली, ते उलटं केलं आणि तिच्या अंगात घातलं. बाह्या अडकत होत्या. माझं स्वतःचं जॅकेट मी तसंच ठेवलं. का ते विचारू नका. जमलंच नाही.

ईराने मान वर केली. "ममा, देअर'स द कार. बाबा'ज देअर."

मला फक्त झाडं दिसत होती. ती मला ओढत निघाली. मी डोळे टक्क उघडे ठेवून चालत होते, हे शपथेवर सांगते. पुढे झाडंच होती. मग पार्किंग होतं. मधलं मला काही आठवत नाही असं नाही... मध्ये काही नव्हतंच.

सचिन धावत आला, ज्यूस दिला, वीस मिनिटांत ईरा पुन्हा बडबडायला लागली. त्या दोघांना पार्किंगला पोचायला पाच-सहा मिनिटं लागली होती म्हणे. आम्ही मागे नाही म्हटल्यावर सचिन दोनदा परत फाटकापर्यंत जाऊन आला. तिथे कोणी नव्हतं, असं तो आजही सांगतो. आणि आम्ही त्या वेळी तिथेच होतो.

आता तुमचे प्रश्न. दमलो होतो? चार किलोमीटरने? हायपो, म्हणजे शुगर कमी होणं, ईराला झाला होता, मला नाही. फाटकं दोन होती? दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी, सरळ जॅकेट घालून तो ट्रेल चार वेळा चालले. सचिन गाडीत बसून ओरडत होता, तरी चालले. फाटक एकच आहे. तिथून पार्किंगपर्यंत रस्त्याला एकही फाटा नाही. सहा मिनिटं लागतात. जंगलाला काही करायचं असतं तर तेव्हा करायचं होतं, मी तयार होते.

कॉटेजचा मालक, सत्तरीचा शेतकरी, किल्ली परत घ्यायला आला तेव्हा त्याला मी हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. "अँड डिड ये टर्न योर कोट्स?" कोट उलटे केलेत का, एवढंच विचारलं. आईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि तो माणूस उमरेडला कधी गेलेला नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सचिन म्हणतो, म्हणजे त्या क्षणी तू मानलंस. मी नाही मानलं. ३.१ वर मला कोणी एका पायावर उभी राहा म्हटलं असतं तरी राहिले असते. त्याला श्रद्धा म्हणत नाहीत. त्याच्याशी यावरून मी अजून भांडते आणि जिंकते.

आईंशी मात्र नाही. त्या दिवशी पार्किंगमध्ये ईराला ज्यूस पाजून झाल्यावर त्यांनी तिच्या उलट्या जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुहं सरयच हाये?"

"सरळच आहे," मी म्हटलं.

"मंग तू नाई आली," आई म्हणाल्या. "तुले पोरीनं आनलं."