आईच्या पेटीवर पाऊण गोल

लुओम न्हाव्याचं दुकान म्हणजे कालव्याकाठच्या फणसाला टांगलेला आरसा आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. हात बेताचाच. आजवर कोणाचा कान कापला नाही, एवढीच त्याची कीर्ती. पण फुटबॉलच्या पैजा लावणारी मंडळी त्याला मास्तर म्हणत. ही पदवी त्याने काही पणाला लावून मिळवली नव्हती. कधीच काही पणाला लावलं नाही म्हणून मिळाली होती.

तगडा संघ आणि लेचापेचा संघ भिडले, की पैज रंगावी म्हणून लेच्यापेच्याच्या पदरात आधीच अर्धा, पाऊण, दीड असा गोल टाकून ठेवतात. लुओम नेहमी दुबळ्याच्याच बाजूने असायचा, आणि दर सामन्याला एका हजामतीचे पैसे लावायचा. जिंकला तरी पुढच्या वेळी तेवढेच, हरला तरी तेवढेच. वर्ष संपताना तो होता तिथेच असायचा. "दुप्पट लावणं म्हणजे विहिरीत उतरायची शिडी," असं तो दाढीचा साबण फेसता फेसता पोरांना सांगायचा. पोरं मान हलवायची आणि शिडी उतरायची.

पैजा घेणारा चिन, कालव्यावरच्या कॉफीच्या टपरीचा मालक, त्याला असला माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा. खाटकाला शाकाहारी शेजारी नकोसा व्हावा, तसंच ते. त्या हंगामात दुबळे संघ ओळीने हरायला लागले, तेव्हा चिनला तोंड फुटलं.

"मास्तर, तुम्ही पैज लावता की पूर्वजांना उदबत्ती लावता?"

"का? जळतंय कुठे तुझं?"

"उदबत्ती तरी जळून संपते हो. तुमचं आपलं वर्षानुवर्षं धूर-धूर. अहो, हरलात की दुप्पट लावा. परत हरलात, त्याच्या दुप्पट. कधीतरी जिंकणारच ना? एका फटक्यात सगळं वसूल."

"आणि त्याआधी पैसे संपले तर?"

"पैसे संपायच्या आधी हरणं संपतं, मास्तर."

सगळी टपरी हसली. लुओमला हिशेब चांगला कळत होता. दुसऱ्याला चार वेळा समजावूनही सांगितला असता. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला लोक भित्रा म्हणून हसले, की हिशेब कुठे राहतो? त्या दिवशी त्याने पहिल्यांदा दुप्पट लावले, आणि वाईट म्हणजे तो जिंकला. पहिल्याच घासाला खडा लागला असता, तर त्याची म्हातारी आई सुखाने मेली असती.

मग हरण्याची ओळ लागली. एक हजामत गेली, दोन गेल्या, चार, आठ, सोळा. बत्तीसला त्याने बायकोची, बिकची, कानातली विकली. एकशे अठ्ठावीसला स्कूटर गेली. दोनशे छप्पन्न भिशीतून उचलले आणि तेही गेले. पुढची पायरी पाचशे बारा हजामतींची होती. कालव्याच्या त्या काठावर तेवढी डोकीच नव्हती.

घरात विकण्याजोगी एकच वस्तू उरली होती, आणि ती त्याच्या आईची होती. थोइ म्हातारीने बदकांची अंडी विकून विकून स्वतःसाठी शवपेटी करून घेतली होती. पाण्याला दाद न देणाऱ्या साओ लाकडाची, गोल पाठीच्या झाकणाची. आपल्याकडे म्हाताऱ्यांची पेटी आधीच घरात असली, की आयुष्य वाढतं म्हणतात. म्हातारीचं वाढलंही होतं. ती पेटीत कांदे आणि गोधड्या ठेवायची, सणाला तेल लावायची, आणि वर्षातून एकदा सगळं बाहेर काढून आत आडवी होऊन बघायची. "अजून दोन बोटं जागा वाढली," म्हणायची. "मी आक्रसतेय. पुढच्या वर्षी कांद्यासकट मावेन."

त्या सकाळी तांदळाची पेज पिता पिता तिने सहज सांगितलं, "रात्री स्वप्न पडलं रे. पेटीत काठोकाठ पाणी, आणि आत हे एवढाले मासे."

लुओमच्या हातातला चमचा थांबला. पैज लावणाऱ्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की स्वप्नात शवपेटी दिसली म्हणजे घरात पैसा येणार. वाटेत प्रेतयात्रा आडवी गेली, तरी लोक मागे फिरून तिकीट घेतात. इथे तर पेटी, वर पाणी, वर मासे. त्याने आईला नमस्कार केला. तिला वाटलं, पोराला माया आली.

"पेटी?" चिनने विचारलं. "झाकणासकट?"

"झाकणासकट. पाचशे बाराला."

"आणि म्हातारी?"

"ती आहे अजून."

"तसं नव्हे हो, तिला विचारलंत का?"

लुओमने टपरीतल्या सामन्यांच्या फळ्यावर बोट ठेवलं. चिनने परत विचारलं नाही. सामना राजधानीच्या संघाचा डोंगरातल्या एका गरीब संघाशी, आणि डोंगरवाल्यांना पाऊण गोल दिलेला. ते बरोबरीत सुटले तर लुओमचं सगळं वसूल होणार होतं. दोन गोलांनी हरले तर पेटी गेली. आणि एकानेच हरले, तर पाऊण गोलाचा नियम असा, की लावलेल्यातलं अर्धं बुडतं आणि अर्धं परत मिळतं.

डोंगरवाले जिवावर उदार होऊन खेळले. शेवटचं मिनिट चालू असताना त्यांच्या एका मूर्खाने हाताने चेंडू अडवला, पेनल्टी मिळाली, आणि एक-शून्य झालं.

"अर्धी पेटी बुडाली," चिन म्हणाला.

"उभी कापायची की आडवी?" मागून कोणीतरी विचारलं. हसता हसता एकाच्या नाकातून कॉफी आली.

"कापाकापी कशाला," चिन म्हणाला. "मला झाकण द्या. खालचं म्हातारीला राहू दे. मी काही राक्षस नाही."

दोघं जण झाकण न्यायला आले, तेव्हा म्हातारी बांबूच्या खाटेवर सुपारी कातरत बसली होती. "सुतार नेतोय का रे? पॉलिशला?" तिने विचारलं.

"हो, आई."

"सांग त्याला, कडेला नीट घास म्हणावं."

चिनने झाकण टपरीत उताणं ठेवलं, त्यात बर्फ भरला आणि बिअरच्या बाटल्या खुपसल्या. लांबलांबून लोक यायला लागले. पैज लावण्याआधी नशिबासाठी झाकणाला हात लावायचा, मग बाटली काढायची. लुओमही यायचा, आणि बाकीच्यांसारखाच हात लावायचा.

म्हातारीला कोणी सांगितलं कोण जाणे. अंडी नेणाऱ्या बाईनेच सांगितलं असणार. एक दिवस ती भाताचं ताट बाजूला सारून म्हणाली, "मला पालथी ठेवा."

"काय?"

"पेटीत. तोंडावर माती पडलेली मला आवडायची नाही."

बिक उठून चुलीपाशी गेली. त्या दिवसापासून तिने नवऱ्याला ताट वाढलं, पण त्याच्याशी शब्द बोलली नाही. म्हातारीने पेटीला तेल लावणं सोडलं. तिचं आयुष्य वाढायचंही तिथेच थांबलं. पावसाळा संपता संपता एका शनिवारी पहाटे ती गेली. भिक्खूंनी पेटीत ठेवण्याची वेळ दिवेलागणीची सांगितली.

डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधून लुओम टपरीवर गेला. झाकणासाठी चिन काय मागेल, याचा हिशेब तो वाटभर करत होता. चिनने काही मागितलं नाही. त्याने स्वतः झाकण तिरपं केलं आणि सगळा बर्फ कालव्यात ओतला. "मेलेल्याचं मी ठेवत नाही," तो म्हणाला. त्या दयेने लुओमला भरून आलं. तेवढ्यात एकाने त्याची बाही धरली.

"मास्तर, पट्टी बांधलेल्या माणसाचं तोंड आज सोन्याचं. जाता जाता सांगून जा, कोण?"

सामना सुरू व्हायला थोडाच वेळ होता. लुओमने फळ्याकडे पाहिलं. "दुबळा," तो म्हणाला. सगळी टपरी दुबळ्यावर तुटून पडली. आयुष्यात पहिल्यांदा सगळे त्याच्या शब्दावर लावत होते. त्याने खिशातून एका हजामतीचे पैसे काढले. एकाच. दुप्पट नाही. आपण सावरलो, असं त्याला मनापासून वाटलं.

घरी झाकण पेटीवर बसेना. साओ कितीही चिवट असलं, तरी महिनोन्‌महिने बर्फात राहून एका कडेला ते वाकलं होतं. तीन बोटांची फट राहत होती आणि फटीतून म्हातारीचं कपाळ दिसत होतं. प्रेताचं सामान करणाऱ्याने दोनदा ठोकून पाहिलं आणि घाम पुसला.

"कोणीतरी वर बसावं लागेल. वजन पडलं की खिळा धरेल. घरचाच माणूस हवा."

सगळ्यांनी लुओमकडे पाहिलं. तो चढून आईच्या छातीवर यावा असा बसला. खाली लाकूड करकरलं. फट एका बोटावर आली. पहिला खिळा गेला. दुसरा अर्धा गेला, आणि कालव्यापलीकडून ओरडा उठला. टपरी अशी ओरडते ती एकाच कारणाने. दुबळ्याने गोल मारला होता.

लुओम उठला. त्याच्या नकळत उठला, गुडघेच उठले. खिळा उपसून निघाला, झाकण वर आलं, आणि म्हातारीच्या कपाळावर दिव्याचा उजेड पडला.

"बसा," बिक म्हणाली. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "त्या उठायच्या नाहीत आता. तुम्हीही उठू नका."

तो बसला. हातोडी परत सुरू झाली. प्रत्येक ठोक्याबरोबर तो खालून हादरत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. इतक्या दिवसांनी तो जिंकत होता. हसू दिसू नये म्हणून त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं, तसे खांदे आणखीच हलायला लागले. जमलेल्या बायका कळवळल्या. आईवर केवढा जीव होता, त्या म्हणाल्या. बिकने पुढचा खिळा उचलून त्या माणसाच्या हातात दिला.