कोणता मजला शे, ताई?

आमच्या ऑफिसात किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते फोनवरून येतात आणि बहुतेक वेळा ओरडतच येतात. मी नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात अठरा वर्षं फोन घेते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की पहिला फोन मला, आणि माझा पुढचा फोन बागूल काकांना. काका मूळचे सटाण्याचे, बोलणं अहिराणी, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. पुढच्या वर्षी ते रिटायर होतील, त्यांचा उजवा गुडघा मात्र केव्हाच झालाय.

काकांचा प्रश्न कायम एकच असतो. "कोणता मजला शे, ताई?"

ऐकायला सोपा आहे. पण लिफ्ट ज्या मजल्याजवळ अडकली, तिथलंच दार चावी लावून उघडावं लागतं. मजला चुकला की काका जिन्यात आणि माणूस डब्यात. निदान एक, दोन, तीन यावर तरी जगाचं एकमत असेल, अशी नोकरीला लागताना माझी समजूत होती. ती किती दिवस टिकली ते सांगते.

*

पहिल्याच महिन्यात गंगापूर रोडवरून फोन आला. खाली पार्किंग, वर चार मजले अशी बिल्डिंग. लिफ्टमधल्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्यावर अडकलेय." वॉचमन म्हणाला, "तिसऱ्यावर हाय, मॅडम." वॉचमन बाहेरून बघतोय म्हणून मी त्याचं खरं धरलं.

काका तिसऱ्यावर गेले. लिफ्ट नाही. एक मजला उतरून त्यांनी दुसऱ्यावरचं दार उघडलं, तर बाई आत रागाने लाल झालेल्या. "अहो, गाड्या उभ्या राहतात तो काय मजला झाला?"

वॉचमन शेजारीच उभा होता. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत तो बायको आणि दोन मुलांसह राहायचा. तो हळूच म्हणाला, "आमी ऱ्हातो ना तिथं."

काकांनी परत येऊन मला एवढंच सांगितलं, "ताई, चावी बाईना मजलाले लागनी. पण बरोबर त्या वॉचमननंच शे."

*

कॉलेज रोडवर एका घरी अमेरिकेतून जावई आले होते. आल्या आल्या लिफ्टमध्ये अडकले. फोनवर एकदम शांत. "फर्स्ट फ्लोअर," म्हणाले. असा स्पष्ट पत्ता देणारा माणूस भेटला म्हणून मला बरं वाटलं.

काका पहिल्यावर गेले, दुसऱ्यावर गेले, तिसऱ्यावरही जाऊन आले. शेवटी गुडघा धरत खाली आले, तर त्यांनी जिथे गाडी लावली होती त्याच्या मागच्याच दारावर आतून टकटक चालली होती. तिकडे जमिनीलगतचा तोच पहिला मजला!

जावयांनी बाहेर येऊन समजावलं, "आमच्याकडे जमिनीपासूनच एक मोजतात."

काका म्हणाले, "मग तुमच्याकडे पोरगं जन्मतं तेच एक वर्षाचं का?"

*

धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक बिल्डिंग उतारावर बांधलेली आहे. तिला दोन गेटं. खालच्या रस्त्याने आत शिरलं की चार मजले चढायचे, वरच्या रस्त्याने शिरलं की दोनच. घर तेच. लिफ्टच्या बटणांवर कोणते आकडे टाकायचे यावर सोसायटीची मीटिंग तीन तास चालली. शेवटी एकेका बटणावर दोन-दोन आकडे चिकटवले. एक खालच्या गेटचा, एक वरच्या.

तिथल्या एका काकूंचा फोन आला. विचारलं, "काकू, नक्की कितवा मजला?"

"मी दुसऱ्यावर आहे. हे चौथ्यावर."

मला काही कळेना. "पण तुम्ही दोघं एकाच लिफ्टमध्ये आहात ना?"

"हो ना. तेच मी पंधरा वर्षं सांगतेय यांना!"

काकू बसने येतात, वरच्या रस्त्याला उतरतात. त्यांचे यजमान स्कूटर खालच्या गेटने आणतात. आधार कार्डावर नवऱ्याचा चौथा मजला आहे आणि बायकोचा दुसरा. एकाच घरात राहून दोघांनी आपापला मजला सोडलेला नाही, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

*

लासलगावच्या एका व्यापाऱ्याने दुमजली गोडाउनला मालाची लिफ्ट बसवून घेतली. आम्ही नेहमीप्रमाणे बटणांवर शून्य आणि एक असे आकडे घालायला निघालो. शेठ म्हणाले, "शून्य कशाला? तिथं माझा एवढा माल पडलाय." मग खाली एक, वर दोन घालू म्हटलं. तर हमाल म्हणाले, "खालचा एक कसा? खाली तर जमीन हाय."

शेठनी मार्कर मागवला आणि स्वतः लिहिलं. खालच्या बटणावर 'कांदा', वरच्यावर 'माणसं', कारण वर त्यांचं ऑफिस होतं.

सहा महिन्यांनी त्या लिफ्टमधून एका हमालाचा फोन आला. "बाई, मी कांदा आन् माणसं यांच्या मधी अडकलोय. पण कांद्याच्या जवळ."

अठरा वर्षांत मला इतका अचूक पत्ता दुसऱ्या कुणी दिला नव्हता. काकांना तो सांगितला तर ते म्हणाले, "ताई, सगळ्या नाशिकला हेच बटण बसवा."

*

आता पाथर्डी फाट्याची गोष्ट. तिथे चौदा मजल्यांची एक बिल्डिंग आहे. खाली पार्किंगचेच दोन मजले, त्यांच्या वर घरांचा पहिला. दुपारची वेळ होती. लाइट गेलेली, जनरेटर सुरू होईना. फोन एका बाईचा. नाव सोनाबाई, पेठकडच्या. नवव्या मजल्यावर राहणाऱ्या एका रिटायर्ड सरांकडे त्या स्वयंपाकाला होत्या. सरांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि दोघं लिफ्टमध्ये.

"बाई, सर खाली बसलेत. घाम लय आलाय. बोलत नाय."

मी विचारलं, "कितवा मजला?"

"लाइट नाय. आकडा दिसत नाय."

दुसऱ्या फोनवर सेक्रेटरी सांगत होते, "नववा असणार, सर नवव्यावर राहतात." वॉचमन मागून ओरडत होता, "अकरावा, अकरावा!" त्याने पार्किंग धरलं होतं. काका शेजारच्याच गल्लीत कामावर होते, ते पाच मिनिटांत गेटवर पोचले. चावी एकच, समोर सगळा जिना, आणि तो गुडघा.

तेवढ्यात सोनाबाई म्हणाल्या, "बाई, मी मोजलंय. आठवा स्लॅब गेला आन् हातभर वर येऊन थांबली."

"कशावरून मोजलं?"

"दाराला काच हाय ना. स्लॅब आला का काळा पट्टा जातो. मी रोजच मोजते."

मी घाईघाईने बोटांवर हिशेब करायला लागले. पहिला स्लॅब म्हणजे खालच्या पार्किंगचं छत, दुसऱ्यावर घरांचा पहिला मजला, मग आठवा म्हणजे... काकांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "स्लॅब म्हनी का ती? मग सातवा," म्हणाले आणि फोन न ठेवताच निघाले. मला फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक वळणावर कठड्याला अंगठी लागल्याचा आवाज. ते कुठेही थांबले नाहीत.

सातव्यावर दार उघडलं. लिफ्ट हातभर वर होती. काकांनी आणि वॉचमनने सरांना उचलून खाली घेतलं, शेजाऱ्यांच्या गाडीने ते हॉस्पिटलला गेले. वेळेवर आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सर आजही सकाळी फिरायला जातात.

पुढचं काकांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. लाइट आली, लिफ्ट सुरू झाली, माणसं पांगली. सोनाबाई तेवढ्या सातव्यावर दाराशीच बसून होत्या. काकांनी विचारलं, "बाई, एवढं पक्कं कसं काय मोजलं?"

दाराच्या खाली, फरशी संपते तिथे काँक्रीटची एक उघडी कड दिसते. तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"हा आठवा. इथवर मी घमेली वाहिली, बाबा. मग पोटुशी होते म्हून मुकादमानं वर चढू दिलं नाय. माझा नवरा वर कामाला होता. पुढले सगळे मी खाली बसून मोजले."

काका त्या दिवशी आठही स्लॅब पायी उतरले. लिफ्ट दार उघडं ठेवून समोर उभी होती.