वकीलचाचा आणि अमेरिकेतली स्थळं

वकीलचाचांनी आयुष्यात कधी काळा कोट घातला नाही. आखातात, रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात ते भट्टीवर फोरमन होते. वकील हे नाव त्यांना निकाहातून मिळालं. निकाहाच्या वेळी एक माणूस दोन साक्षीदार घेऊन आतल्या खोलीत नवरीकडे जातो, हे लग्न कबूल आहे का असं तिला विचारतो आणि तिचा होकार बाहेर हॉलमध्ये येऊन सांगतो. त्याला वकील म्हणतात. दापोली-मंडणगडकडच्या मंडळींची इकडे जी लग्नं झाली, त्यातल्या बऱ्याच लग्नांत हे काम चाचांनी केलं. नव्यानं आलेल्या पोरांना हे कुठलं माहीत? ती त्यांना कोर्टातला वकील समजून व्हिसाची भांडणं, अडकलेले पगार असलं सगळं घेऊन यायची. चाचा आधी चहा पाजायचे आणि मग सांगायचे, "बाबा, मी फक्त पोरींचा वकील. तुझी केस मला झेपायची नाही."

शारजातला एक निकाह त्यांनी भरल्या हॉलमध्ये थांबवला होता. मुलीनं हो म्हटलं होतं, साक्षीदारांनी ऐकलंही होतं. चाचा बाहेर आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, आत जाऊन एकदा तू विचार. लग्न मोडलं. बिर्याणीची पातेली तशीच परत गेली. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना वर्षभर सलामसुद्धा केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हॉलमध्ये सगळेच कबूल म्हणतात. आतल्या खोलीत काय म्हणतात आणि कसं म्हणतात, ते ऐकायचं असतं."

मला ते बी.एस्सी. म्हणत. नावानं कधी हाक मारली नाही. माझे वडील खेडला गवंडीकाम करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ते सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये मी लागलो तेव्हा माझ्या डिग्रीवर ती खरी असल्याचे मुंबईचे, दिल्लीचे, अबुधाबीचे शिक्के होते. चाचांनी तो कागद हातात घेऊन पुढूनमागून पाहिला आणि म्हणाले, एवढे शिक्के तर माझ्या पासपोर्टवर नाहीत. मग शुक्रवारी जेवायला ये म्हणाले. तेव्हापासून शुक्रवारी नमाज आटोपली की चाचा घरी येत, मी त्यांच्याकडे जाई, चाची सुरमईचं कालवण वाढत आणि जेवण झालं की चाचा फोन माझ्या पुढ्यात सरकवत. "हां बी.एस्सी., वाच. अमेरिकेत काय चाललंय?"

अमेरिकेत त्यांचा मुलगा होता, इम्तियाज. शिकायला गेला, शिक्षण अर्ध्यावर सुटलं, व्हिसा संपला आणि हा तिथंच राहिला. एका गोदामात काम करत होता. लग्न केलं, मुलगी झाली. ती फोनवर "हाय दादाजान" म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत, इतक्या भराभर की चाचा नुसते हसायचे. इम्तियाजकडे कागद नव्हते. तिथून एकदा बाहेर पडला की परत आत जाता येणार नव्हतं. म्हणजे बापाला भेटायला यायचं तर कायमचं यायचं, नाहीतर यायचंच नाही. चाचांना तिकडचा व्हिसा मिळत नव्हता. त्यांनी त्याला तो गेल्यापासून पाहिलं नव्हतं आणि नातीला तर कधीच नाही.

म्हणून चाचा अमेरिकेच्या निवडणुकीकडे डोळे लावून बसले होते. निवडणूक अजून लांब होती. पण तिथं प्रत्येक पक्ष आधी आपला एकच माणूस निवडतो, आणि त्या उमेदवारीसाठी बरेचजण फार आधीपासून गावोगाव हिंडायला लागतात. सत्तेबाहेरच्या पक्षातले असे चारजण चाचांनी हेरले होते. त्यांना ते उमेदवार म्हणत नसत, स्थळं म्हणत. "आज कुठलं स्थळ आलंय?" असं विचारायचे. आणि मुलीसाठी करावी तशीच चौकशी करायचे: घरी कोण आहे, आधी काय करत होता, हाताखालच्या माणसाशी कसा बोलतो.

एक गव्हर्नर होता, देखणा, टीव्हीवर रोज दिसणारा. चाचा म्हणाले, याचे दातच भाषण करतात, हा ऐकून कधी घेतो? दुसरा म्हातारा सिनेटर, आधी दोनदा पडलेला. "तिसऱ्यांदा सेहरा बांधून बसलाय. घोडी पण याला ओळखत असेल." तिसरा फौजी होता. तो मला आवडायचा. साधा माणूस, शिकलेल्या घरातला नव्हता, स्वतःच्या जोरावर वर आला होता. चाचांनी त्याची दोन भाषणं माझ्याकडून वाचून घेतली. कॉलेजातल्या पोरांपुढे तो म्हणाला होता की कागद नसलेली माणसं आपली शेजारी आहेत. पुढच्याच आठवड्यात सीमेजवळच्या एका गावात म्हणाला, कायदा म्हणजे कायदा. चाचांनी हात झटकला. "खलास. दोन घरी दोन जबानी देणारा. याला कोणी पोरगी देऊ नये."

चौथी एक बाई होती, कुठल्याशा लहान राज्याची गव्हर्नर. तिचं नाव यादीत सगळ्यात खाली असायचं. एका गावातल्या वाचनालयात मोजक्या लोकांपुढे तिला कुणीतरी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं होतं की जो वर्षानुवर्षं इथं राबतोय त्याला कागद मिळाले पाहिजेत, आणि यानं माझी मतं जातील हेही मला कळतं. तो व्हिडिओ हलता होता, आवाज फाटका होता. चाचांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. "ही आतल्या खोलीत बोलली," ते म्हणाले. त्या दिवसापासून स्थळ पक्कं झालं.

मी एकदा म्हणालो, चाचा, तुम्हाला तिकडे मत नाही, इकडे नाही, दापोलीच्या यादीतूनही तुमचं नाव गेलंय. कशाला एवढी उठाठेव?

"मत नसलं म्हणून काय," ते म्हणाले, "पोरगा आहे ना."

त्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. पायाला सूज यायची, जिना चढताना दोनदा बसायचे, तरी पाळी चुकवत नव्हते. डॉक्टरांनी आडवळणानं सांगितलं, फार पुढचं काही ठरवू नका. इम्तियाजला कळलं तेव्हा तो लगेच म्हणाला, अब्बा, मी सगळं सोडून येतो. चाचांनी त्याला अडवलं. पुढच्या वर्षी पक्ष बाईला निवडेल, मग ती निवडून येईल, मग कागद मिळतील, मग राजासारखा ये आणि राजासारखा परत जा. नात तिथंच शिकू दे. चांगल्या स्थळासाठी थांबावं लागलं तरी घाई करायची नाही, हे त्यांनी शेकडो बापांना सांगितलं होतं.

चाचींना हे पटत नव्हतं. एरवी त्या नवऱ्यासमोर फार बोलत नसत. त्या शुक्रवारी ताटं उचलता उचलता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या चाचांना सांग, ती बाई त्यांच्या जनाज्याला खांदा द्यायला येणार नाही." चाचांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण फोन माझ्याकडे सरकवायला थोडा वेळ लागला.

पक्षातलं पहिलं मतदानसुद्धा व्हायचं होतं, तेव्हाच ती बातमी आली. मी नेहमीसारखा वाचायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर थांबलो. चाचा म्हणाले, वाच ना. मी वाचलं: बाईंनी माघार घेतली आहे, त्या उमेदवारी मागणार नाहीत. खाली बरंच लिहिलं होतं. चाचांनी हात वर केला. "पुढचं राहू दे."

ते उठून गॅलरीत गेले. बाकी तिघांबद्दल मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, बी.एस्सी., ती सगळी हॉलमधली माणसं. मग चाचींना हाक मारली आणि म्हणाले, "मी चुकलो. स्थळ बघत बसलो आणि पोराला दारात उभं करून ठेवलं. लाव त्याला फोन."

फोन लागला. तिकडे पहाट होती. चाचा एवढंच म्हणाले, "इम्तियाज, ये. कागद राहू देत." तो रडायला लागला, म्हणाला, येतो अब्बा. बायकोला समजावायचं होतं, घर सोडायचं होतं, मुलीचा पासपोर्ट काढायचा होता. सगळं धरून महिना तरी लागणार होता. चाचा म्हणाले, इन्शाल्ला, आरामात ये.

महिना मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात भट्टीच्या पाळीवरून परतताना ते कंपनीच्या बसमध्येच गेले. शेजारच्याला वाटलं, झोप लागलीये. दफन इथंच झालं, दुसऱ्या दिवशी, डोंगराच्या पायथ्याशी. इम्तियाजला दिसावं म्हणून फोन मी धरला होता. वारा एवढा होता की त्याला फारसं ऐकूच गेलं नसेल. माती लोटून झाल्यावर त्यानं मला विचारलं, आता येऊन काय करू? तो आला नाही. त्यानं येऊ नये असंच मलाही वाटलं, आणि हे मी चाचींनाही तोंडावर सांगितलं.

चाचींचा व्हिसा चाचांच्या नावावर होता, त्यामुळे तो संपला. त्यांना दापोलीला पाठवायला मी शारजा विमानतळावर गेलो. बॅगा आत गेल्या. पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं. आत जायच्या वेळी त्या एकदम थांबल्या.

"बेटा, त्या बाईनं माघार का घेतली रे? त्या दिवशी ह्यांनी पुढचं वाचूच दिलं नाही."

मी नंतर वाचलं होतं. सांगावं की नाही असा विचार आला, पण मला थापा मारता येत नाहीत.

"तिचे वडील आजारी आहेत, चाची. त्यांच्याजवळ राहायचं म्हणून."

चाचींनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"मग बरोबर केलं तिनं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.