सतराव्या पानावरची चूक

शनिवारी दुपारी चारला, कॉलेज रिकामं झाल्यावर, गायकवाड मॅडम एका वर्गात जाऊन तासभर गणित शिकवत. समोर एकही विद्यार्थी नसे. शिरूरच्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात आवाज ऐकून आत डोकावलो. त्या थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बसा सर. समजलं न्हाई तरी चालंल. मोठ्यांदा बोललं की माझं मला कळतं."

शिक्रापूरच्या एसटीला अवकाश होता, म्हणून बसलो. पुढे नऊ वर्षं बसत राहिलो, बहुतेकदा पेपर तपासत.

मॅडम मूळच्या राहू गावच्या. आईवडील दुसऱ्यांच्या रानात राबले. घरात दहावीपुढं गेलेल्या त्या पहिल्याच. लग्न केलं नाही. पुण्यात पीएच.डी. करून शिरूरला नोकरीला आल्या, आणि त्यांच्या विषयावर बोलायला आसपास कुणीच उरलं नाही.

विषय अंतराचा, पण जिथं बिंदूच नाहीत अशा जागेतल्या अंतराचा. तिथं गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. "आधी पेरून पाणी दिलं आन् आधी भिजवून, पाणी मुरून वापसा आल्यावर पेरलं, तर उगवण सारखी येती का?" त्या रिकाम्या बाकांना विचारत. "इथं टेप धरायला टोकंच न्हाईत. मग दोन अवस्था घ्यायच्या आन् दोन्हींना एकच प्रश्न विचारायचा. उत्तर झपकन बदलंल असा नको. असे सगळे प्रश्न विचारून उत्तरांत जास्तीत जास्त जेवढा फरक पडंल, तेवढं अंतर."

अकरा वर्षं खपून लिहिलेला लेख त्यांनी परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. दीड वर्षानं उत्तर आलं. त्या दिवशी मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या.

"छापून आलं वाटतं?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई. परत आलं. सतराव्या पानावर चुकलंय म्हणं."

सगळे हसले, पेढे उचलले आणि आपापल्या कामाला लागले. मॅडम पुडा हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, कुणीतरी सतराव्या पानापर्यंत वाचलं हो."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला माझीच लाज वाटली. हातातले पेपर बाजूला सारून नऊ वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, "कुठं चुकलं, मॅडम?"

त्यांनी खुर्ची ओढली. शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत त्या सांगत होत्या. मला निम्मंही कळलं नाही.

सहा महिन्यांनी, आजारपणात, मॅडम गेल्या. ती चूक दुरुस्त करायची राहिली.