आईच्या हिरडीचं ठिगळ

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एक वाक्य मी आईला मराठीत सांगितलं नाही. बाकीची सगळी सांगितली. त्याला विसरणं म्हणता येणार नाही. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं.

बाबा गेल्यानंतर आई लाँग टर्म पासवर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या परवान्यावर, आमच्याकडे इथे परदेशात, सेंगकांगला राहायला आली होती. तिचं सगळं आयुष्य पुण्यात, मराठीत गेलेलं. इंग्रजी वाचता यायचं, पण इथलं भरभर बोलणं तिला कळायच्या आत पुढे निघून जायचं. त्यामुळे घराबाहेर मी तिचा दुभाषी. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारातल्या, शाकाहारी स्टॉलवर ती दर वेळी मला विचारायला लावायची, यात अंडं नाही ना, मासळीची पूड नाही ना. स्टॉलवाली आंटी ओळखीची झाली तरी विचारायचंच. कालच विचारलं की, असं मी वैतागून म्हणालो, तर आईचं उत्तर तयार असे. "ते कालचं झालं. तू विचार."

त्या दिवसांत ती पाणी मान वाकडी करून प्यायची. वरच्या डाव्या सुळ्याची हिरडी इतकी वर सरकली होती की दाताचं पिवळसर मूळ उघडं पडलं होतं, आणि गार काही लागलं की कळ थेट डोळ्यापर्यंत जायची. जन्मभर कडक ब्रशने आडवं घासल्याचा हा परिणाम. ती मात्र हसण्यावारी न्यायची. "लोकांचे म्हातारपणी पडतात, माझे वाढतायत," असं माझ्या बायकोला म्हणायची.

दवाखाना आमच्याच वस्तीत, मार्केटच्या वरच्या मजल्यावर होता. खालून कॉफीचा आणि तळणाचा वास यायचा, आत लवंगेच्या तेलाचा. त्या दुपारची मला अजून आठवण येते ती पाण्याखालून पाहिल्यासारखी. खिडकीतला उजेड हिरवट, एसीचा एकसुरी आवाज, आणि खुर्चीत पाय किंचित उचलून पडलेली आई, कुठेतरी तरंगत निघाल्यासारखी. डॉक्टरीणबाई चिनी, वयाने लहान, आणि माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर दात काढून दाखवला.

गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही, त्या म्हणाल्या. पण मूळ झाकता येतं. शेजारची हिरडी चांगली जाड असती तर तीच बाजूला सरकवून घेता आली असती. आईची सगळीकडेच पातळ होती. मग राहिले दोन मार्ग. टाळूच्या आतून एक पातळ पापुद्रा काढायचा, मुळावर ठेवायचा, वरून हिरडी ओढून टाके घालायचे. हा सगळ्यांत खात्रीचा, पण त्यात जखमा दोन, आणि टाळूची जखम दहा-बारा दिवस छळते. दुसरा मार्ग म्हणजे तयार मिळणारा मऊ तुकडा. तो तसाच आत ठेवायचा, काही महिन्यांत तो विरघळतो आणि त्याच्या जागी स्वतःचं मांस भरून येतं. जखम एकच.

हे सगळं मी आईला नीट सांगितलं. पुढे त्या म्हणाल्या की हा तुकडा डुकरापासून बनवतात, काही पेशंटना ते चालत नाही, तेव्हा आधी आईंना विचारा.

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

मी म्हणालो, या दुसऱ्यात त्रास कमी आहे.

"ते कशाचं असतं रे?"

"तयार मिळतं गं. औषधासारखंच."

तिने क्षणभर डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. फॉर्मवर सावकाश, वळणदार मराठीत सही केली. आई तयार आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी मान हलवली.

तिचा त्रास वाचावा म्हणून मी हे केलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. त्यात थोडं खरंही होतं.

शस्त्रक्रिया तासाभरात झाली. बाहेर पडल्यावर आईचा अर्धा चेहरा बधिर होता, पण ती खुशीत होती. स्टेशनवर आल्यावर तिने हातानेच खूण केली, आपण एलआरटीत बसू या. ती गाडी लहान, बिनचालकाची, उंच पुलावरच्या रुळांवरून आमच्या वस्तीभोवती गोल फिरून पुन्हा तिथेच येणारी. आई सगळ्यांत पुढच्या काचेपाशी बसली. इमारतींच्या मधून, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या उंचीवरून आम्ही तरंगत चाललो होतो. आमचं स्टेशन आलं तेव्हा तिने माझा हात दाबून धरला आणि आम्ही आणखी एक फेरी मारली. तिला बोलता येत नव्हतं. मला बोलता येत होतं, आणि मी गप्प होतो. ती दुसरी फेरी मला पुढे कैकदा स्वप्नात दिसली. स्वप्नात स्टेशनं येत, दारं उघडत, आणि आम्ही कुठेच उतरत नसू.

दोन आठवडे ब्रश नाही, नुसतं औषधी पाण्याने चूळ भरायची. बायको तिला मऊ भात आणि पातळ लापशी करून द्यायची. आई सारखी जीभ टाक्यांकडे न्यायची आणि माझी मुलगी तिला इथल्या बोलीत दटावायची, "आजी, डोन्ट टच लाह." टाके निघाले. हळूहळू ती जागा आधी लाल, मग गुलाबी झाली. आई आरशासमोर ओठ वर करून बघत बसायची. "बघ, कळतंय का ठिगळ?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. खाली बाकावर बसणाऱ्या तमिळ आजींनाही तिने दाखवलं. गार पाणी ती आता मान सरळ ठेवून प्यायची, आणि दर वेळी मी दुसरीकडे बघायचो.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई खूश होत्या. उजव्या बाजूचा सुळाही आता करून घ्या म्हणाल्या. मी ते आईला सांगताच ती उत्साहाने म्हणाली, "सांग त्यांना, तेच घाला. छान बसलंय."

माझ्याच्याने भाषांतर होईना. डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या, आई वाट बघत होती. मी म्हणालो, "आई, ते डुकराचं असतं. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

तिचा हात गालावर गेला. तिने विचारलं, "सही करायच्या आधी सांगितलं होतं?"

"हो."

मी घाईघाईने बोलू लागलो. तुला दोन जखमा नकोत म्हणून, टाळूचा त्रास नको म्हणून, आणि आता तर ते विरघळूनही गेलं, त्यातलं काहीच उरलेलं नाही.

"विरघळतं म्हणतोस," ती म्हणाली, "मग सांगायला काय हरकत होती? कदाचित हो म्हटलं असतं मी. नाही म्हटलं असतं. मलाही माहीत नाही आता." मग ती खुर्चीतून उठली. "त्यांना सांग, आज नको. एवढं तरी नीट सांग."

मी डॉक्टरीणबाईंना नीट सांगितलं. काय झालं होतं तेही सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. त्या आईकडे वळून काही बोलणार होत्या, पण मध्ये मीच होतो, म्हणून थांबल्या.

घरी आई रागावली नाही. जेवायला वाढलं, मुलीच्या वेण्या घातल्या. पण संध्याकाळी हॉकर सेंटरला निघताना मी चपला घालू लागलो तर म्हणाली, "तू राहू दे. ही येईल." आणि नातीचा हात धरून निघून गेली. पुढच्या मंगळवारी फार्मसीतही नात गेली. तिचं मराठी अर्धं, पण जे कळायचं नाही ते ती "आजी, आय डोन्ट नो" म्हणून मोकळी व्हायची. बायको मला म्हणाली, आईंना तुझ्यापेक्षा तेवढं बरं वाटत असेल. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

जुरोंग आयलंडवरच्या माझ्या कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी पहाटे खिडकीला डोकं टेकून बसायचो. धुकट उजेडात रिफायनरीचे मनोरे दूरवर कुणीतरी चितारून ठेवल्यासारखे दिसायचे. अशाच एका पहाटे, गेटवर पास दाखवायला रांगेत उभा असताना, मी स्वतःपासूनही काय लपवलं होतं ते मला स्पष्ट दिसलं.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळलेले कपडे काढत होती. मी घड्या घालायला शेजारी उभा राहिलो. म्हणालो, त्या दिवशी सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं. तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बोल."

"आई, त्या महिन्यात आमचा प्लांट दुरुस्तीसाठी बंद होणार होता. तेव्हा कुणालाच रजा नसते. टाळूची जखम झाली असती तर मला दोनदा-तीनदा तुला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. तू नाही म्हणशील, मग सगळं लांबेल, याची मला भीती वाटली. तुझ्या त्रासाची सबब मी नंतर पुढे केली. माझी सोय म्हणून मी तुझ्या तोंडात काय जायचं ते ठरवलं. तू मला विचारलंस आणि मी तुला खोटं सांगितलं. माझं चुकलं, आई. मला माफ कर."