ठिपका राहिलेले डोळे

उदगीरहून अप्पामामांचे शेजारी दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा न विचारता म्हणाले, "मुनीरसाहेब गेले का?" त्यांनी टोपी काढली. "न्हाई, बाई. अप्पाच गेले." मला ते खरं वाटेना. कित्येक महिने आम्ही सगळे मुनीरसाहेबांच्याच बातमीच्या धास्तीत होतो... आणि मरणानं भलत्याच दारावर थाप मारली. शेजारी खुर्चीत टेकले आणि माझी नजर आमच्या नांदेडच्या घरातल्या भिंतीकडे, माझ्याच चित्राकडे गेली. ते मामांनी काढलेलं. पुरं न केलेलं.

हे पुरं न करणं काय, ते सांगते. अप्पामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. लिंगायत व्यापाऱ्याच्या पोरानं तराजू सोडून ब्रश धरला, म्हणून घरात बरीच वर्षं 'वाया गेलेला' हीच त्यांची ओळख होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते हैदराबादला गेले आणि जागीरदारांच्या तसबिरी काढू लागले. पहिल्याच प्रदर्शनात एका वृद्ध नवाबांचं चित्र भिंतीवर असतानाच ते नवाब वारले. मामा म्हणायचे, "म्हातारं आधीपासूनच खोकून राहिलं होतं. माझ्या रंगाचा काय दोष?" पण बडी माणसं भित्री असतात, त्यांच्याकडे गमावण्यासारखं फार असतं. पुढं प्रत्येक जण अट घालू लागला की डोळे पुरे करायचे नाहीत, बुबुळातला उजेडाचा पांढरा ठिपका तेवढा द्यायचा बाकी ठेवायचा. माणूस गेला की घरचे मामांना बोलवत. मामा एक बारीक ब्रश घेऊन जात, दोन ठिपके देत आणि तसबीर पुरी होई. ही अट न घालणारे एकटे मुनीरसाहेब. देवणीकडचे जागीरदार, मामांच्याच वयाचे, शिकारीचा नाद असलेले आणि जिवाला जीव देणारे. त्यांचे ठिपके मात्र मामांनीच राखून ठेवले. "माझा विश्वास न्हाई यावर," म्हणायचे, "पण दोस्तावर प्रयोग नको."

जागिरी गेल्या, ठिपके राहिले. बहात्तरच्या दुष्काळात म्हातारी माणसं पटापट गळू लागली आणि मामांचं एसटीनं हिंडणं वाढलं. त्यांना बघून लोक घरात सरकायचे. एकदा निलंग्याच्या रस्त्यावर एसटी बंद पडली. घसा कोरडा पडला म्हणून मामा ओळखीच्या देशमुखांच्या दारात गेले. सून बाहेर आली, मामांना बघितलं आणि उंबऱ्यातच बसली. तसबिरीचे ठिपके बाकी असलेले तिचे सासरे तेव्हा दवाखान्यात होते. घरात एकच आकांत झाला. "अवो, पाणी मागाया आलो म्या," मामा सांगत राहिले, पण ऐकतंय कोण? सासरे पुढं बरे होऊन घरी आले. मामांना मात्र त्या दारात पाणी मिळालं नाही. "जित्तेपणी यमाचा रेडा झालो गं मी," ते मला म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी जिवंत माणसाला समोर बसवलं नाही. माझं चित्र त्याच्या आदल्या वर्षीचं. बरं झालं म्हणायचं की वाईट, कोण जाणे.

नवा लातूर जिल्हा झाला, तेव्हा तिथं मामांचं प्रदर्शन भरलं. घरोघरच्या तसबिरी मागवल्या होत्या. पगडीवाले, शेरवानीवाले, सगळे मेलेले आणि सगळ्यांच्या डोळ्यांत उजेड. मुनीरसाहेब तेवढे आंधळे. खरे मुनीरसाहेब काठी टेकत आले आणि स्वतःसमोर उभे राहिले. मुलं कधीच सरहद्दीपलीकडे गेलेली, बेगम वारलेली.

"अप्पा, पूरा कर दे इसकू."

"नक्को. अभी जी लेव."

"अरे, मैं मरे बाद तेरे कू बुलाने कौन बैठा है?"

 मामांनी खिशातून ब्रश काढला.  दोन ठिपके पडले आणि मुनीरसाहेब खूश होऊन म्हणाले, "अब दिख रहा मेरे कू." मामांच्या कपाळावरचं भस्म मात्र घामानं ओघळलं होतं. त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं मन उडालं. रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊन देवणीच्या गाडीच्या कंडक्टरला विचारायचे, "सायेब बरे हायत ना?" तो 'हाव' म्हणाला की तेवढा चहा घ्यायचे. त्या धास्तीनंच त्यांना आतून खाल्लं. डॉक्टर म्हणाले हृदय... म्हणू देत.

मामांना माती दिल्यावर काही आठवड्यांनी मुनीरसाहेब उदगीरला आले, तेव्हा मी तिथंच होते. मामांच्या खोलीत मामांनी स्वतःचंच काढलेलं चित्र होतं, अर्थातच बिनठिपक्याचं. "ब्रश दे, बेटी," ते म्हणाले.  पहिला ठिपका नीट पडला, दुसरा कडेला घसरला. मी पुसायला फडकं घेतलं, तर म्हणाले, "रहने दे. मेरे कू ऐसाइच तिरका देखता था." आणि ढसाढसा रडले. निघताना ब्रश माझ्या हातात ठेवून म्हणाले, "अब तेरी एकच बाकी है." सहज म्हणाले असतील.

मामांचं चित्र मी नांदेडला आणून माझ्या चित्रासमोर लावलं आहे. मला त्यांची फार आठवण येते, "हलू नको गं" म्हणून दटावणाऱ्या त्या आवाजाची तर फारच. ब्रश धुऊन त्यांच्याच पत्र्याच्या डबीत ठेवला आहे. डबी माझ्या चित्राखालच्या फळीवर असते. तिचं झाकण वाजलं, की हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून मी आधी बाहेर येते आणि ब्रश कोणी उचलला ते बघते.