भिंतीवर लागलेलं लग्न

पंचवीस वर्षं संसार केल्यावर एका रविवारी संध्याकाळी मला कळलं, की माझं लग्न झालेलंच नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, काहीतरी भव्य द्यावं असं माझ्या मनात आलं. (तिला मिक्सर हवा होता.) आमच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर बुरशी धरून पडली होती. ती मी मुलुंड स्टेशनजवळच्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. सुरुवातीची नावंबिवं बुरशीने खाल्ली होती, पण मंगलाष्टकांपासून पुढचं सगळं शाबूत होतं. असं लग्न टीव्हीवर काय बघायचं? भिंतभर बघायचं! मी प्रोजेक्टर घ्यायचं ठरवलं.

प्रोजेक्टर निवडणं हे मुलगी बघण्यापेक्षा अवघड निघालं. ल्युमेन किती हवेत, थ्रो किती हवा, कीस्टोन हवा का, असं जो तो विचारायचा आणि मी सगळ्याला "हो हो" म्हणायचो. शेवटी दुकानातल्या सेल्समनने विचारलं, "साहेब, तुमच्या हॉलमध्ये अंधार कितपत असतो?"

"लाईट गेली की बऱ्यापैकी असतो."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं, बाकीची खोकी आत ठेवली आणि एकच खोकं पुढे सरकवलं. मी त्यालाच तज्ज्ञांचा सल्ला समजून घरी आलो.

रविवारी आमची मुलगी मैथिली पवईला मैत्रिणीकडे गेली होती. तेवढ्यात मी प्रोजेक्टर माळ्याच्या फळीखाली उलटा टांगला. खोक्यावरच्या चित्रात तसाच होता. चालू केला तर भिंतीवरची माणसंही खाली डोकं वर पाय! मेनू उघडला, तो चिनी भाषेत. त्यात प्रोजेक्टरची चार छोटी चित्रं होती. एकेक दाबत गेलो. एका चित्राला माणसं पायांवर उभी राहिली आणि मी रिमोट खिशात घातला. मेनूतली अक्षरं आता जरा वेगळी दिसत होती, पण ती मला आधी तरी कुठे ओळखता येत होती?

प्रेक्षक म्हणून भांडुपहून बेबीआत्या आली होती. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माणूस मुंबईत जन्म काढून बसलंय, पण भाषा अजून मालवणीच, आणि लग्नकार्यातल्या चुका काढण्यात घराण्यात तिचा पहिला नंबर. पडदे ओढले, पेन ड्राइव्ह लावला. भिंतीवर मंगलाष्टकं झाली, हार घातले, शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो. मग भिंतीवर आम्ही दोघं होमाभोवती फिरायला लागलो.

"थांबव ता," आत्या म्हणाली. "ह्यां काय रे? अग्नी उजव्या हाताक होयो. तुमच्या डाव्या हाताक कसो?"

मी मागे घेऊन परत लावलं. अग्नी डावीकडेच. पुन्हा लावलं. तरी डावीकडेच.

"उलटे फेरे कधी घालतत ठाऊक आसा?" आत्याने आवाज खाली आणला. "माणूस गेल्यावर. तुमचा लगीन लागलाच नाय."

"आत्या, काहीतरीच काय," मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच पटला नाही.

"आणि शुभदा, तुझी नथ उजव्या बाजूक?"

शुभदाने नाक चाचपलं. खात्री करायला ती आरशासमोर जाऊन आली आणि आणखीच गोंधळली. मग सोफ्यावर बसत म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी वडाला फेऱ्या मारल्या त्या कोणासाठी?"

आत्याने तोवर आमच्या गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकलाही होता. "गुरुजी, तुमी ह्यांका उलटे फिरवल्यात! आणि अक्षता डाव्या हातान टाकल्यात!"

"मी? डाव्या हाताने?" पलीकडे गुरुजी दचकले. मग हळूच म्हणाले, "ताई, मला ही शंका अधूनमधून यायचीच हो. त्या सीझनला मी एकामागोमाग लग्नं लावत होतो. बाकीच्यांनाही असंच फिरवलं असेन का?"

आता गोंधळ आमच्या घरापुरता राहिला नव्हता. भांडुप-मुलुंड पट्ट्यातली किती जोडपी बेकायदा नांदत होती, देवाला ठाऊक! गुरुजींनी शुक्रवारी येऊन होमाचा तेवढा भाग पुन्हा करून द्यायची तयारी दाखवली. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती, आणि या बाईशिवाय आपलं काही चालणार नाही हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"शुक्रवारी चालेल ना गं?" मी शुभदाला विचारलं.

"बघते," ती म्हणाली. "घाई काय आहे? विचार करून सांगते."

पंचवीस वर्षांत ती इतकी निवांत बसलेली मी पाहिली नव्हती. पाय वर घेऊन, पाठीला उशी लावून!

तेवढ्यात मैथिली आली. भिंतीवर जेवणाची पंगत चालू होती.

"बाबा, हे सगळे डाव्या हाताने का जेवतायत?"

"त्या दिवशी सगळाच घोळ झाला होता," मी खिन्नपणे म्हणालो.

"अख्खं वऱ्हाड डावखुरं? यार बाबा, ते बघा ना." पंगतीमागे थर्माकोलमध्ये कापलेली आमची नावं होती. अक्षर न् अक्षर उलटं. "आरशात दिसतं तसं लावलंय तुम्ही."

तिने माझ्या खिशातून रिमोट काढला आणि मेनूतल्या शेवटच्या चित्रावर बटण दाबलं. चुटकीसरशी सगळे उजव्या हाताने जेवायला लागले. मागे घेऊन पाहिलं, तर अग्नी उजवीकडे, नथ डावीकडे. आत्याने भिंतीला नमस्कार केला आणि गुरुजींना सुटका कळवली. ते बिचारे फोनवर रडायच्या बेतात होते. मी तर सोफ्यावर अंगच टाकलं. लग्न झालेलं असण्याचा इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

शुभदाने मात्र पाठीची उशी काढून ठेवली. थोड्या वेळाने तिने पाय खाली घेतले, चहा टाकायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "मैथिली, ते मगाचं उलटं करायचं बटण कुठलं गं? मला दाखवून ठेव."

रिमोट तेव्हापासून तिच्याकडे असतो, आणि मी तिसऱ्या दिवशी मिक्सर आणला.